रुग्णदोष

‘रुग्णदोष’ हा शब्द कुमुदिनी भोसगेनं पहिल्यांदा वाचला, तो नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर.

मिरजेच्या कृपाछाया रुग्णालयात तळमजल्यावर कागदपत्रांची खिडकी होती. तिथंच उभ्याउभ्या तिनं दाखला वाचला. नाव बरोबर होतं. भालचंद्र भोसगे, वय सहासष्ट, निवृत्त क्रीडाशिक्षक. तारीख बरोबर होती. कारणाच्या रकान्यात अतिरक्तस्राव, मग मूत्रपिंडं निकामी, आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ : ‘मूळ कारण रुग्णदोष. माहिती दडवली.’

“हे काय लिहिलंय?” तिनं विचारलं.

खिडकीतली मुलगी मान वर न करता म्हणाली, “कोड आहे काकू तो. नव्या नियमानं घालावा लागतो.”

“दडवली कुणी माहिती?”

“पेशंटनं. नाहीतर घरच्यांनी. फॉर्म कुणी भरला होता?”

फॉर्म कुमुदनंच भरला होता.

एकतीस वर्षं ती एसटीत कंडक्टर होती. मिरज-जत, मिरज-विटा, मिरज-कवठेमहांकाळ. तपासनीस गाडीत चढला की बाकीचे कंडक्टर घाईघाईनं तिकिटं मोजायला लागायचे; कुमुद त्याला सरकून बसायला जागा करून द्यायची. त्या बाईला आज शिक्क्यानिशी खोटारडी ठरवलं होतं, आणि तेही नवऱ्याच्या मरणाच्या कागदावर. तिची कानशिलं तापली.

“मी काय दडवलं? नाव सांगा!” भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचणारा तिचा तो जुना आवाज अख्ख्या दालनात घुमला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “नाव सांगितल्याबिगर मी हलणार नाही इथनं.”

मुलीनं घाईघाईनं एक कागद छापला आणि खिडकीतून पुढं सरकवला. वर लिहिलं होतं, ‘रक्तलेख अहवाल’.

रक्तलेख हे यंत्र तोवर जिल्ह्यातल्या सगळ्या मोठ्या रुग्णालयांत आलं होतं. आकारानं पिठाच्या डब्याएवढं. बोटाच्या टोकाचा एक थेंब जाड कागदाच्या कार्डावर सुकवायचा आणि ते कार्ड यंत्रात सरकवायचं. यंत्र रक्तातला एकेक रेणू तोलतं, मग तो फोडतं आणि त्याचे तुकडे पुन्हा तोलतं. दोन रेणू वजनाला सारखे निघाले, तरी फुटायची तऱ्हा ज्याची त्याची वेगळी. अशा चाळीस हजार रेणूंची ओळख यंत्राच्या पोटात साठवलेली होती. हळदीतला कुठला, मिरीतला कुठला, कारखान्यात बनलेला कुठला, सगळं त्याला कळे. यकृतानं मोडतोड करून टाकलेले अवशेषसुद्धा ते ओळखत असे. त्यामुळं काल पोटात गेलेलं तर कळायचंच, बऱ्याचदा आठवडाभर आधीचंही कळायचं. माणूस विसरतो, रक्त विसरत नाही, असं ते विकणारे म्हणायचे.

अहवालात चार नावं होती. हळदीचा तीव्र अर्क. मिरीचा अर्क. सालईच्या डिंकाचा अर्क. आणि चौथं, डायक्लोफेनॅक.

“हे शेवटचं काय आहे?”

“वेदनाशामक. दुखण्यावरची गोळी असते ती काकू.”

“ती आम्ही कधी घरातसुद्धा आणलेली नाही.”

“रक्तात आहे,” मुलगी म्हणाली. “पुढचे या.”

चौथ्या नावाचा अर्थ कुमुदला लागेना. पण पहिली तीन नावं वाचता वाचताच तिच्या डोळ्यांसमोर एक हिरवी बाटली उभी राहिली होती. ‘चालतीवेल’.

भालचंद्र सरांनी चाळीस वर्षं पोरांना व्हॉलीबॉल शिकवला. उड्या मारून मारून उजव्या खुब्याचा सांधा झिजला होता. रात्री कुशीवर वळताना कण्हायचे. सरांची धाकटी बहीण शालन सांगलीला विश्रामबागेत राहायची. नवरा गेल्यापासून ती ‘चालतीवेल’च्या कॅप्सूल विकत होती. बायकांच्या भिशीत, हळदीकुंकवाला, बागेतल्या बाकावर, जिथं गुडघे दुखणारं माणूस दिसेल तिथं. “दादा, निसर्गाचं आहे. अपाय शून्य,” असं म्हणत तिनं स्वतःच्या हातानं पहिली बाटली आणून दिली. आणि खरंच, तीन आठवड्यांत सर दंडोबाचा डोंगर निम्म्यापर्यंत चढून आले. कुमुदनं शालनला त्या दिवशी साडी नेसवली होती.

पण सांधा झिजायचा तो झिजतच राहिला. शेवटी नवा सांधा बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, रोजची ॲस्पिरिन सात दिवस आधी थांबवा, नाहीतर रक्त थांबणार नाही. कुमुदनं आठ दिवस आधी थांबवली, कॅलेंडरवर खूण करून. आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्री, ह्यांना दुखू नये, शांत झोप लागावी म्हणून, दोन ‘चालतीवेल’ दुधाबरोबर दिल्या. स्वतःच्या हातानं.

सकाळी रुग्णालयाच्या टॅबलेटवरच्या बोलक्या फॉर्मनं गोड आवाजात विचारलं, “सध्या कोणती औषधे घेत आहात?” ती म्हणाली, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, ॲस्पिरिन बंद केली. फॉर्मनं विचारलं, “आणखी काही औषध?”

“नाही,” कुमुद म्हणाली.

खोटं बोलावं असं तिच्या मनातही नव्हतं. हळदीला औषध कोण म्हणतं?

आत रक्त थांबेना. सहा बाटल्या रक्त चढवलं. मग मूत्रपिंडं बसली. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सर गेले. शुद्धीवर असे ते आलेच नाहीत.

आता अहवाल हातात घेऊन कुमुद रुग्णालयातून बाहेर पडली ती घरी गेलीच नाही. समोर उभ्या असलेल्या सांगलीच्या गाडीत बसली आणि थेट शालनच्या दारात उतरली.

शालन भाताचा कुकर लावत होती. वहिनीचा चेहरा बघून तिनं गॅस बंद केला.

“काय घातलंय गं त्या बाटलीत?”

“कुठल्या?”

“तुझ्या पाला-पाचोळ्याच्या! दादाला चारलास तो!”

शालननं अहवाल वाचला, दोनदा वाचला. “हे शक्य नाही,” ती म्हणाली. “हे डायक्लो का काय ते आमच्यात नसतंच. लेबल बघ ना वहिनी. सगळी झाडंच आहेत.”

“म्हणूनच तीन आठवड्यांत डोंगर चढले ते! झाडानं नाही चढवलं, त्या गोळीनं चढवलं!” हे बोलता बोलताच कुमुदला चौथ्या नावाचा उलगडा झाला, आणि ती अधिकच पेटली. “दुखणं दाबायची गोळी दळून घातलीय कुणीतरी, वरनं हळद फासलीय. आणि तू ती वाटत फिरलीस. भावाला पण दिलीस.”

“मी पण तेच घेते वहिनी! मला माहीत असतं तर...”

“विचारलंस कधी कुणाला? कमिशन घेताना विचारलंस?”

शालनचा चेहरा उतरला, पण तीही भोसग्यांचीच लेक होती. “आणि तू?” ती म्हणाली. “आदल्या रात्री कुणी दिल्या? मी नव्हते तिथं.”

कुमुदचा हात उठला होता. तो कसाबसा खाली घेऊन ती वळली आणि जिना उतरली. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. कुमुदला मूल नव्हतं. शालन सोडून आपलं म्हणावं असं दुसरं माणूस नव्हतं.

त्या पहिल्या महिन्यात तिनं तो अहवाल इतक्या वेळा वाचला की कागद घडीवर फाटला. रागाला वाट हवी होती आणि वाट सापडत नव्हती. शालनचा राग करून झाला, स्वतःचा करून झाला. मग एका सकाळी तिची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथं बारीक अक्षरांत दोन वेळा होत्या. आयुष्यभर गाडी सुटायची आणि पोचायची वेळ लिहिलेल्या बाईच्या नजरेतून त्या इतके दिवस सुटल्या कशा, याचंच तिला नवल वाटलं.

‘थेंब घेतला : मंगळवार, सकाळी ७.१०. तपासणी पूर्ण : शुक्रवार, दुपारी ३.२४.’

सर गेले शुक्रवारी अकराला. म्हणजे मंगळवारी घेतलेला थेंब रुग्णालयानं वाचला तो माणूस गेल्यावर चार तासांनी.

कुमुद दुसऱ्या दिवशी कृपाछायात जाऊन बसली. सरांना भूल देणाऱ्या डॉक्टर रेहाना मुल्ला होत्या, हे तिला ठाऊक होतं. चाळिशीच्या, शांत, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेल्या बाई. दुपारी त्या बाहेर आल्या तशी कुमुदनं त्यांची वाट अडवली आणि कागद पुढं धरला.

“डॉक्टर, एवढंच सांगा. एक थेंब वाचायला ह्या यंत्राला किती दिवस लागतात?”

डॉक्टर मुल्लांनी कागदाकडं पाहिलं, मग आजूबाजूला पाहिलं. “दिवस नाही लागत,” त्या म्हणाल्या. “चौदा मिनिटं लागतात.”

“मग?”

त्यांनी कुमुदला बाहेर पार्किंगमध्ये नेलं. तिथं एका झाडाखाली उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही नजर चुकवली नाही.

“कायदा म्हणतो, ऑपरेशनच्या आधी थेंब घेऊन ठेवा. आधीच वाचा, असं म्हणत नाही. सुरुवातीला आम्ही आधी वाचायचो. दर तीन माणसांत एकाच्या रक्तात काही ना काही निघायचं. कुणी लसणाच्या गोळ्या, कुणी कोरियन जिनसेंगची मुळी, कुणी वजन उतरवायचा काढा. वाईट नसतं ते सगळं. पण कुणी रक्त पातळ करतं, कुणी भुलीचं औषध जास्त चढवतं, कुणी रक्तदाब पाडतं. मिरीच्या अर्काचं घ्या. यकृत औषधं मोडून बाहेर टाकतं ना, ते कामच तो मंद करतो. मग एक गोळी दोन गोळ्यांचं काम करते. असं काही निघालं की ऑपरेशन दोन आठवडे पुढं ढकलायचं, एवढाच उपाय. तेवढ्यात ते निघून जातं.”

“मग ढकलायचं!”

“ऑपरेशन थिएटरं रिकामी राहायला लागली. मग वरनं हुकूम आला. थेंब फक्त जपून ठेवायचा. काही विपरीत झालं तरच वाचायचा.”

कुमुदला क्षणभर कळलंच नाही. कळलं तशी ती उसळली.

“म्हणजे माणूस वाचवायला नाही. मेल्यावर त्याच्यावरच बोट दाखवायला ठेवलंय ते?”

“हो,” डॉक्टर मुल्ला म्हणाल्या.

“आणि तुम्ही गप्प बसलात.”

“दोन पत्रं लिहिली. मग गप्प बसले. तुमचे मिस्टर माझ्या हातून गेले, कुमुदताई. मी रोज रात्री ती चौदा मिनिटं मोजते.”

“मोजून काय उपयोग? बोला की!” कुमुद ओरडली. पार्किंगचा रखवालदार धावत आला. डॉक्टर मुल्लांनी हातानंच त्याला थांबवलं.

“बोलते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही अर्ज करा. मी येते.”

मृत्यूचं कारण पुन्हा तपासणारी एक समिती सांगलीत बसत असे. अर्जासोबत पुरावा हवा होता की वेदनाशामक घरच्यांनी दिलं नव्हतं, ते कॅप्सूलमध्येच होतं. त्यासाठी सील न तोडलेल्या बाटल्या हव्या होत्या, आणि त्या होत्या एकाच माणसाकडं. कुमुदनं शालनला फोन केला नाही. तिनं एका पोस्टकार्डावर दोन ओळी लिहून टाकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याशी अख्खं खोकं ठेवलेलं होतं. चोवीस बाटल्या. चिठ्ठी नाही, काही नाही.

बाटल्या सरकारी प्रयोगशाळेत गेल्या. चोवीसच्या चोवीस बाटल्यांत डायक्लोफेनॅक निघालं.

सुनावणीला अध्यक्ष होते निवृत्त न्यायाधीश श्रीपाद हळबे. सत्तरीचे, ताठ, कपाळावर बारीक गंध. त्यांच्या दोन्ही बाजूंना आरोग्य खात्याचे दोन अधिकारी. समोर एका टेबलाशी कृपाछायाचे संचालक डॉक्टर प्रसन्न इनामदार, दुसऱ्या टेबलाशी कुमुद आणि डॉक्टर मुल्ला. समितीच्या हुकमावरून एक रक्तलेख यंत्र आणून मधोमध ठेवलं होतं, कारण त्याला खरंच किती वेळ लागतो हे समितीला डोळ्यांनी बघायचं होतं. मागच्या बाकावर शालन येऊन बसली होती. कुमुदनं तिला पाहिलं आणि मान फिरवली.

इनामदारांनी सुरुवातीलाच त्या सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. गोड आवाज : “आणखी काही औषध?” आणि मग कुमुदचा आवाज, घाईतला, काळजीतला : “नाही.”

“यापेक्षा स्पष्ट काय हवं?” इनामदार म्हणाले. “आम्ही विचारलं. बाईंनी नाही सांगितलं. कॅप्सूलमध्ये भेसळ होती, त्याचा गुन्हा कंपनीवर दाखल करा, आम्ही मदत करू. पण त्या कॅप्सूल चालू होत्या, ही गोष्ट आमच्यापासून लपवली गेली. नुसती हळद-मिरी जरी सांगितली असती, तरी आम्ही थांबलो असतो.”

“चौदा मिनिटं थांबला असता, तर कळलं असतं!” कुमुद म्हणाली.

“बाई, आवाज खाली,” हळबे म्हणाले.

“आवाज माझा असाच आहे साहेब. एकतीस वर्षं डिझेलच्या इंजिनावरनं बोललेय.”

“कायद्यानं ते बंधन नाही,” इनामदार शांतपणे पुढं बोलत राहिले. “प्रत्येकाचं रक्त आधी वाचत बसलो, तर निम्मी ऑपरेशनं पुढं जातील. त्यात ज्यांचं ऑपरेशन खरोखर तातडीचं आहे, त्यांचं काय? शेवटी रुग्णाची काही जबाबदारी असते की नाही? सुशिक्षित माणसाला साधं कळतं की डॉक्टरपासून काही लपवू नये.”

‘सुशिक्षित’ हा शब्द कुमुदच्या वर्मी बसला. ती उठली. इनामदारांच्या टेबलावरचा तो बोलक्या फॉर्मचा टॅबलेट तिनं उचलला आणि सरळ अध्यक्षांसमोर नेऊन ठेवला.

“साहेब, यंत्राची परीक्षा घ्यायचीच आहे ना? मग थेंब कुणाचातरी लागणारच. तुम्ही द्या. आधी फॉर्म भरा, मग थेंब द्या. तुम्ही तर न्यायाधीश होता. तुमच्याइतकं सुशिक्षित ह्या खोलीत कोण आहे?”

इनामदार हरकत घ्यायला उठले. हळब्यांनी हात वर केला. त्यांना राग आला होता, आणि रागातच ते म्हणाले, “हरकत नाही. होऊन जाऊ दे.”

फॉर्मनं तोच प्रश्न विचारला. हळब्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, “दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवली आहे. रक्त पातळ ठेवण्याची एक गोळी चालू आहे.”

“आणखी काही औषध?”

“काही नाही.”

डॉक्टर मुल्लांनी त्यांच्या बोटाला सुई टोचली, थेंब वाळवला, कार्ड यंत्रात सरकवलं. पडद्यावर आकडे उलटे सुरू झाले. चौदा. तेरा एकोणसाठ.

आरोग्य खात्याचे एक अधिकारी म्हणाले, “तोवर चहा घेऊ या का?”

“कुणी उठायचं नाही!” कुमुद म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. “बसा. एवढीच मिनिटं आहेत. बसून बघा किती लांब असतात ती. मंगळवारी सात दहाला ह्यांचा थेंब घेतला. साडेआठला आत नेलं. मध्ये ऐंशी मिनिटं होतात साहेब. ऐंशी. त्यांच्यापाशी बसून होते मी. सामन्याचं बोलत होते ते, पोरं ह्या वर्षी जिंकणार म्हणून. शेजारच्या खोलीत हे यंत्र नुसतं पडून होतं.”

कुणी उठलं नाही. पंखा फिरत होता. इनामदार कागद चाळत राहिले, मग तेही थांबले. सहाव्या मिनिटाला डॉक्टर मुल्ला हळू आवाजात म्हणाल्या, “याच्या निम्म्या वेळातसुद्धा हळदीचं नाव पडद्यावर येतं. तेवढं जरी मला दिसलं असतं, तरी मी भूल दिली नसती.” इनामदारांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. त्या नजरेत डॉक्टर मुल्लांच्या नोकरीचा निकाल लागलेला होता, आणि त्यांनाही तो कळला.

यंत्र वाजलं.

डॉक्टर मुल्लांनी पडदा वाचला. “हृदयाची गोळी, तुम्ही सांगितलेली. त्याशिवाय लसणाचा तीव्र अर्क. आणि गिंको नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. तोही बराच.”

हळब्यांनी टोचलेलं बोट अंगठ्यानं दाबून धरलं. “लसणाच्या त्या... त्या सूनबाई देते,” ते म्हणाले. “आणि पानांचं ते विसरायला होऊ नये म्हणून. मी ते औषध म्हणून... जेवणाबरोबर घेतो मी.”

“दोन्हींनी रक्त पातळ होतं सर. तुमच्या गोळीनं आधीच पातळ आहे.”

“परवा माझी दाढ काढायचीय,” हळबे म्हणाले. हे त्यांनी समितीला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही.

कुमुद त्यांच्यासमोर उभी होती. तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट तिला नुसता रागच आला.

“साहेब, तुम्ही माहिती दडवलीत,” ती म्हणाली. “लिहा रुग्णदोष.”

निकाल बारा दिवसांनी आला. दाखल्यावरचा तो शब्द काढला गेला. त्या जागी लिहिलं होतं : ‘भेसळयुक्त पदार्थ, उपलब्ध तपासणी वेळेत केली नाही.’ जिल्ह्यात यापुढं थेंब आधी वाचायचा, आणि फॉर्ममध्ये औषधांसोबत काढे, चूर्णं, कॅप्सूल, घरगुती गोळ्या अशी नावं घेऊन विचारायचं, असाही आदेश होता. कृपाछायानं त्याविरुद्ध वरच्या पातळीवर अपील केलं. कंपनीचा मालक सापडला नाही. त्याच गोदामातून दुसऱ्या नावाची बाटली निघायला लागली, असं ऐकू आलं. डॉक्टर मुल्लांना राजीनामा द्यावा लागला. त्या सांगलीच्या एका लहान रुग्णालयात रुजू झाल्या आणि तिथं पहिल्या दिवसापासून थेंब आधी वाचायला लागल्या.

कुमुदनं नवा दाखला कपाटात ठेवला. लोक म्हणाले, आता तरी शांत हो. पण राग काही शिक्क्यानं जात नाही. दुधाचा पेला बघितला तरी तो वर येई, आणि तेव्हा तो इनामदारांवर नसे, शालनवर नसे.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी डॉक्टर मुल्लांचा फोन आला. “कुमुदताई, शालनताई आमच्याकडं दाखल आहेत. पित्ताशयात खडे झालेत. जवळचं माणूस म्हणून त्यांनी तुमचं नाव लिहिलंय. जरा येता का?”

कुमुद गेली. शालन खाटेवर बसली होती, रुग्णालयाचा सैल झगा घालून, पोटाशी हात धरून. बारीक झाली होती. डॉक्टर मुल्लांनी अहवाल कुमुदच्या हातात दिला. वरची वेळ सकाळी आठ पाच, खालची आठ एकोणीस.

हळदीचा अर्क. मिरीचा अर्क. सालईचा डिंक. डायक्लोफेनॅक.

कुमुदनं कागद वाचला, मग शालनकडं पाहिलं. शालननं मान खाली घातली.

“अजून?” कुमुद म्हणाली. “अजून खातेस तू ते?”

“एक बाटली ठेवली होती मागं,” शालन पुटपुटली. “ती संपली. मग त्या दुसऱ्या नावाची...”

“दादा गेला त्यानं! सगळ्या जगापुढं प्रयोगशाळेनं सांगितलं! मागच्या बाकावर बसून ऐकलंस की तू! लाज नाही वाटली? भीती नाही वाटली?”

“वाटते की. रोज वाटते.” शालनच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण गुडघा धरतो गं वहिनी. सकाळी उठून संडासापर्यंत जाववत नाही. घरात हात द्यायला कोण आहे? ते घेतलं की निदान चहा करून घेता येतो. विष आहे ते कळतं मला. पण दुखायचं थांबतं.”

कुमुदला तिला बदडून काढावं असं वाटलं. तिला त्या गोदामाला काडी लावावीशी वाटली. आणि त्या रागातच तिला एकाएकी दिसलं की इतके सगळे महिने ही बाई एकटी, ह्या गुडघ्यांवर, तिसऱ्या मजल्यावर चढत-उतरत होती.

“आज ऑपरेशन करता येणार नाही,” डॉक्टर मुल्ला म्हणाल्या. “खडे अजून थोडे थांबू शकतात. दोन आठवडे यातलं काहीही पोटात जाता कामा नये. मग पुन्हा थेंब वाचू. गुडघ्यासाठी मी वेगळं, चालेल असं काही देते. पण लक्ष ठेवायला कुणीतरी हवं. घरी एकट्या राहतात ना त्या?”

“एकटी नाही राहणार,” कुमुद म्हणाली. “माझ्याकडं राहील.”

“वहिनी, नको, तुला उगाच...”

“तोंड बंद!” कुमुदनं शालनची पिशवी ओढली, तळापर्यंत चाचपली, साडीच्या घडीतून हिरवी पुडी काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. “आणखी कुठंय? ब्लाउजमध्ये? पर्समध्ये? खरं सांग, नाहीतर इथंच झडती घेईन.”

“पर्समध्ये दोन आहेत,” शालन म्हणाली.

मिरजेपर्यंत रिक्षात कुमुद बोलत होती. मूर्ख म्हणाली, लोभी म्हणाली, भावाला खाल्लंस म्हणाली, आणि मग, बरंच मागाहून, “मीही खाल्लं” असंही म्हणाली. शालन रडत ऐकत होती. घराच्या पायऱ्यांशी आल्यावर तिला पाय वर टाकवेना. कुमुदनं तिचा दंड आपल्या खांद्यावर घेतला, कमरेला हात घातला आणि तिचं सगळं वजन अंगावर पेलत पहिली पायरी चढवली. बोलणं थांबलं नव्हतं. शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या.

“किती बोलशील गं वहिनी?” शालन धापा टाकत म्हणाली.

“दोन आठवडे,” कुमुद म्हणाली. “पाय उचल.”